दुसऱ्या टर्मची फी

मी बाळकुम सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात पाटावर एक पितळी परात मांडली होती आणि तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याची घडी पसरली होती. गावातलं प्रत्येक घर येऊन गेलं. येणारा मूठ मिटूनच यायचा, लुगड्याखाली हात घालायचा, आत मूठ उघडायचा आणि रिकामा हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवायचा. कोणी किती ठेवलं ते शेजाऱ्याला दिसायचं नाही, आम्हालाही नाही. सासरी निघालेली मुलगी असो की मुंबईच्या गोदीत कामाला निघालेला मुलगा, गाव सोडून जाणाऱ्यासाठी ही परात मांडायची रीत होती. ज्याच्याकडे काहीच नसेल त्यानेही यायचं. तो मुठीत मीठ घेऊन यायचा. परातीत पडणाऱ्या नाण्याचा आणि मिठाचा आवाज वेगळा असतो, म्हणून तेवढा वेळ बायका मुद्दाम वरच्या पट्टीत गाणी म्हणत राहायच्या.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. बाळकुम तेव्हा ठाण्याच्या बाहेरचं, खाडीकाठचं गाव होतं. पावसाळ्यात खारजमिनीत भात आणि उन्हाळ्यात मिठागर, यापलीकडे तिथे दुसरं काम नव्हतं. आमच्या आळीतून मॅट्रिक झालेला मी पहिला. नौपाड्यातल्या शाळेत मी बाळकुमहून चालत जात असे, त्यामुळे शहर मला अनोळखी नव्हतं. पण शहरात जाऊन येणं वेगळं आणि शहरात राहायला जाणं वेगळं.

बायकांची गाणी संपल्यावर बाने माझी पत्र्याची पेटी जोमा काकाच्या डोक्यावर दिली. जोमा काका म्हणजे आमच्या आळीचा कारभारी. मिठागराच्या मालकाशी मजुरीचं बोलणं तोच करायचा आणि भांडणंही तोच मिटवायचा. आईने परातीतलं मीठ वेगळं करून एका फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"यातलं चिमूटभर पन सांडू नको," ती म्हणाली. "तेपन दिलेलं हाय."

गाव बांधापर्यंत आलं. बांधाच्या मध्यावर भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी झडप होती, तिला आम्ही उघाडी म्हणायचो. निरोप देणारे तिच्या अलीकडे थांबत आणि जाणारा पलीकडे जाई. त्या दिवशी बा आणि जोमा काका माझ्याबरोबर मुंबईपर्यंत येणार होते, तरी बाने उघाडीशी थांबून मला पुढे घातलं आणि एवढंच म्हणाला, "मागं बघू नको. पाय घसरतं."

मी मागे पाहिलं नाही. गाव आपल्याकडे बघत उभं आहे असं धरून चालत राहिलो.

*

कॉलेजच्या फीच्या खिडकीवर घडलेला प्रसंग पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून तो नीट सांगतो.

माझ्या शिक्षणाचा खर्च दोन ठिकाणांहून होणार होता. खाणावळीचे पैसे डोंबिवलीचं एक मंडळ दरमहा देणार होतं. काही निवृत्त शिक्षकांनी ते खाडीकाठच्या गावांतल्या मुलांसाठी सुरू केलं होतं. त्याची अट अशी की, मुलाने वर्ष पूर्ण केलं तर दिलेली रक्कम शिष्यवृत्ती, आणि मध्येच कॉलेज सोडलं तर तीच रक्कम कर्ज. कॉलेजची फी मात्र आम्ही भरायची होती. ती परातीतून आली होती.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने नाणी हातात घेतली आणि बोटं एकमेकांवर घासून पाहिली. नाणी दमट होती आणि त्यांच्या कडांना पांढरं लागलं होतं.

"एका टर्मची फी भरा," तो म्हणाला. "दुसऱ्या टर्मची दिवाळीनंतर."

"दोन्ही घ्या," जोमा काका म्हणाला.

"कशाला? नियम टर्मचा आहे."

"साहेब, पावसात आमच्याकरं पैसा नसतं. मीठ संपलं, मजुरी झाली. आता हाय तं घ्या. तांदूल आमी वर्साचं भरतो, लाकरं वर्साची भरतो, मंग याचं शिक्षान काय महिन्या-महिन्यानं आनायचं?"

कारकुनाला हसू आलं. "आणि मुलगा मध्येच पळाला तर?"

"मीठ हाय आमचं," जोमा काका म्हणाला. "टिकतं."

रांगेतली मुलंही हसली. पावती फाडता फाडता कारकुनाने सवयीने नियम सांगितला. चालू टर्मची फी कोणत्याही कारणाने परत मिळत नाही. पुढच्या टर्मची आगाऊ भरलेली फी मिळते, पण ती टर्म सुरू व्हायच्या आधी लेखी कळवलं तरच. नव्या टर्मला मुलगा एक तासभर जरी वर्गात बसला, तरी सगळी फी गेली. आणि मुलाला बाहेरून मदत मिळत असेल, तर मदत देणाऱ्याची हरकत नाही असं लिहून आणल्याशिवाय परताव्याचा पैसा हलत नाही, कारण त्या पैशावर पहिला हक्क त्यांचा.

बाने मान डोलावली. त्याला त्यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. मी मात्र ऐकलं होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने एका टर्मची फी भरून उरलेले पैसे घरी नेले असते, आणि मग ही गोष्ट झालीच नसती. पण वर्षाची बेगमी पावसाआधी करायची हे मिठागरी माणसाच्या हाडात असतं.

*

वसतिगृहात मी बेचैन होतो. तिथे सगळं मिळायचं. वीज होती, वाचनालय होतं, वेळच्या वेळी ताट पुढे यायचं. पण ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ओहोटी-भरतीची वेळ अंगात कळते, आणि मला ती वर्गात बसल्या बसल्या कळत राहायची. आता पाणी चढत असेल, आता उघाडी पाडली असेल. प्राध्यापक एक सांगत असत आणि माझे कान दुसरीकडे असत. मिठाचं फडकं पेटीच्या तळाशी होतं. पावसात ते पाझरलं आणि माझ्या एका सदऱ्यावर डाग पडला. तो सदरा मी तसाच वापरला.

तरी मी पहिल्या टर्मची परीक्षा दिली. पास झालो आणि टर्म मंजूर झाली. दिवाळीच्या सुटीत बाळकुमला आलो.

वेशीपाशी मला पहिली भेटली ती बुधी काकी, जोमा काकाची बायको. तिची जीभ नवऱ्याहून तिखट.

"आला बारिष्टर!" ती ओरडली. "काय रं, फावरं धराला येतं का अजून?"

तिच्या डोक्यावर चिखलाची पाटी होती. दिवाळीच्या तोंडावर बायका चिखल का वाहतात, हे मला बांधापर्यंत पोचल्यावर कळलं. आश्विनातल्या उधाणाने बांध फोडला होता. खारं पाणी भातात शिरून तिथेच राहिलं होतं. पीक उभं दिसत होतं, पण लोंब्या पोकळ होत्या. मिठागराचे वाफेही वाहून गेले होते आणि ठाण्याला राहणाऱ्या मालकाने निरोप पाठवला होता की, यंदा दुरुस्ती होईल, मीठ पुढच्या वर्षी. म्हणजे भातही नाही आणि मिठाची रोख मजुरीही नाही.

मला कोणी कळवलं नव्हतं. विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तुना सांगून पानी मागं गेलं असतं?"

त्या सुटीत मी घरी जेवायला बसलो की, माझ्या ताटात भात असे. आई आणि बा माझ्यानंतर जेवत आणि दार ओढून घेत. एकदा मी पाण्याच्या निमित्ताने आत गेलो. पातेल्यात पेज होती, ढवळली तरी शितं मोजून घ्यावीत अशी. मी पाणी पिऊन बाहेर आलो.

मुंबईत एका खिडकीपलीकडे गावाचे पैसे पडून होते. तांदूळ आधीच विकत घेऊन दुसऱ्याच्या कोठीत ठेवावा, आणि आपल्या घरी चूल पेटू नये, असं ते होतं. दुसरी टर्म सुरू व्हायला दिवाळीची सुटी तेवढी बाकी होती. ती संपायच्या आत नाव काढलं तर पैसे गावात येतील, आणि मीही त्यांच्याबरोबर येईन. शिक्षण सोडण्याचं दुःख मला झालं नाही, हे इथे नोंदवायला हवं. मला घरी यायला कारण मिळालं होतं.

बाशी मी बोललो. बांधाकडे बघत तो म्हणाला, "तुझं तू बघ." याचा अर्थ परवानगी असा मी घेतला.

*

मंडळाचं हरकत नसल्याचं पत्र चिटणीस अण्णा देत. ते निवृत्त मुख्याध्यापक, डोंबिवलीला राहायचे. डोंबिवली तेव्हा भातशेतीत उभ्या राहिलेल्या चाळींचं आणि विहिरींचं गाव होतं. तिथे पोचलो तर अण्णा कल्याणला गेले होते. कल्याणला त्यांच्या मुलीच्या घरी गेलो तर ते ठाण्याला निघाल्याचं कळलं. ठाण्यात ते कुठेच नव्हते. पुन्हा कल्याणला आलो. त्या सुटीत मी या तीन गावांमध्ये विणकराच्या धोट्यासारखा फिरत होतो. प्रत्येक ठिकाणी "आत्ताच गेले" हे ऐकून घ्यायचो आणि पायांना थांबू देत नव्हतो. थांबलो की विचार यायचा, आणि विचार नको होता.

शेवटी ते कल्याणला तळ्याजवळच्या एका छापखान्यात सापडले. तिथून एक साप्ताहिक निघे आणि मंडळाचा वार्षिक अहवालही तिथेच छापला जाई. अण्णा मुद्रितं तपासत बसले होते. समोर साप्ताहिकाचे संपादक पान खात होते.

मी सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला.

"बस. चहा घे आधी. तू धापा टाकतोयस."

"अण्णा, टर्म सुरू व्हायच्या आत सही हवी आहे."

"सही देतो. पण काय मागतोयस ते तुला ठाऊक आहे का? तू सोडलंस की आजवरचा खाणावळीचा पैसा कर्ज होतो. कॉलेजकडून परत येणाऱ्या फीतून तो आधी वळता करून घ्यायचा, असा मंडळाचा नियम आहे. तसं केलं तर तुझ्या गावाच्या हाती काय राहील?"

"काही नाही."

"नियमापुढे माझा इलाज नाही, असंही मला म्हणता येत नाही," अण्णा म्हणाले. "नियम मीच केलाय."

संपादक हसले. अण्णा हसले नाहीत. ते मुद्रितावर पेन्सिलने रेघ ओढत राहिले आणि मग त्यांनी तोडगा सांगितला. गावाच्या पैशाला मंडळ हात लावणार नाही. तसं ते लिहून देतील. पण कर्ज माझ्या नावावर राहील आणि ते मी दरमहा हप्त्याने फेडायचं. फेडेपर्यंत बाळकुमचा दुसरा अर्ज मंडळापुढे येणार नाही.

"दुसरा अर्ज कोणाचा येणार आहे?" मी विचारलं.

"आज नाही. पण येईल कधीतरी. तेव्हा तुझी बाकी आडवी येऊ नये."

हप्ता रोखीत द्यायचा होता. बाळकुममध्ये त्या वर्षी रोख मजुरी नव्हती आणि पुढची कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे गावाचे पैसे गावाला मिळावेत यासाठी मला गावाबाहेर राहावं लागणार होतं. मी हे मनात जुळवत होतो तेवढ्यात संपादकांनी पानाची पिंक टाकून विचारलं, "शुद्धलेखन बरं आहे का रे तुझं?"

"बरं आहे."

"अण्णांच्या हातात मुद्रितं दिली की अंक निघता निघत नाही. ते लेखकाच्या चुका नाही, लेखकाची मतंच सुधारत बसतात. तू येशील?"

"मी ओळी सुधारतो, मतं नाही," अण्णा म्हणाले.

"तेच म्हणतो मी."

अशा रीतीने मी कल्याणला नोकरीला लागलो आणि डोंबिवलीला अण्णांच्या चाळीत एका खोलीचा वाटेकरी झालो.

*

कॉलेजची खिडकी तीच होती आणि कारकूनही तोच. त्याने अण्णांचं पत्र वाचलं, बाचा अंगठा पाहिला, वाचनालयाची पुस्तकं परत केल्याची चिठ्ठी मागून घेतली. दुसऱ्या टर्मची फी आणि अनामत रक्कम त्याने नोटांत दिली. पहिल्या टर्मची फी अर्थातच नाही. मग माझ्याकडे नीट बघून त्याला आठवलं.

"मीठ टिकलं नाही म्हणायचं," तो म्हणाला.

त्यात खोडसाळपणा नव्हता. मी नोटा कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि सरळ बाळकुम गाठलं. रस्त्यात मी ठरवलं होतं की, पैसे पुन्हा त्याच परातीत ठेवायचे आणि ज्याचे त्याला परत द्यायचे. मग गाव आणि मी जिथे होतो तिथे परत येऊ. नोकरी करीन, हप्ते फेडीन, पण गेलेला माणूस म्हणून नव्हे.

आईने परात काढून दिली. लोक जमले. मी नोटा परातीत ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. कोणी पुढे आलं नाही.

"घ्या ना," मी म्हणालो. "तुमचेच आहेत."

जोमा काका उकिडवा बसला होता. "कोनाला किती?" त्याने विचारलं.

"ज्याने जितके दिले त्याला तितके."

"कोनी किती दिलं, तुना म्हाइत हाय?"

मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"मंग विचार एकेकाला. सगल्यांसमोर. तुजं किती रं, तुजं किती गं, असं. विचार."

मी माणसांकडे पाहिलं. काही जण जमिनीकडे बघत होते. आईने परातीतून वेगळं केलेलं मीठ मला आठवलं. फडकं चांगलं भरलं होतं. ते कोणाच्या मुठींतून आलं होतं, हे त्या जमलेल्या माणसांपैकी प्रत्येकाला आपापल्यापुरतं ठाऊक होतं. कॉलेजच्या नियमात परतावा भरणाऱ्याच्या नावाने होतो. आमच्या परातीत भरणाऱ्याचं नाव नव्हतं. लुगडं त्याचसाठी होतं.

"झाकून दिलेलं हाय," जोमा काका म्हणाला. "उघरून घ्याचं नाय. परात परत घेतली तं मागून जानाऱ्याची वाट मोरते."

"घरान पीठ नाय नि यो वाट सांगतंय!" बुधी काकी मागून म्हणाली, आणि सगळे हसले. तीही हसली. मग ती पुढे आली, परातीपाशी वाकली, आणि मला वाटलं, ही तरी घेईल. तिने नोटांवर लुगडं ओढलं आणि परात माझ्याकडे सरकवली.

"समान वाटून घ्या मग," मी म्हणालो. "सगळ्यांना सारखे."

"मंग ज्याचं कमी होतं तो जास्त घेल नि आयुष्यभर खाली मान घालून फिरंल," जोमा काका म्हणाला. "ठेव तुज्याकरं."

मी चिडलो होतो. त्या वर्षी त्या गावाला त्या पैशाची किती गरज होती हे मी पातेल्यात पाहिलं होतं. मी म्हणालो, "मग मीही इथेच राहतो. शिकायलाच गेलो नाही असं समजा. परत आलो."

जोमा काकाने माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "तू अजून पोचलासच नाय. मंग परत कसा येशील?"

त्या दिवाळीनंतर गावाने दुरुस्तीच्या मजुरीत मिळणाऱ्या धान्यावर आणि ठाण्याच्या वाण्याच्या उधारीवर वर्ष काढलं. मी डोंबिवलीला गेलो. नोटा पेटीत ठेवल्या.

*

डोंबिवलीत पेटी मी कधी पूर्ण उघडी केली नाही. लागेल ते काढायचो आणि झाकण लावून टाकायचो. खोलीतल्या दुसऱ्या वाटेकऱ्याने भिंतीत फळी ठोकली, कपडे लावले, आरसा टांगला. माझं अंथरूण मात्र नेहमी दोरीने बांधलेलं. चाळकरी विचारायचे, "गावाला निघालात?" मी म्हणायचो, "हो, या रविवारी." रविवारी कधी जायचो, कधी कल्याणच्या स्टेशनावर जाऊन परत यायचो. बाळकुमला गेलो की दुपारपासून डोंबिवलीचे वेध लागत, आणि डोंबिवलीत पोचलो की भरतीची वेळ आठवे. मी तेव्हा कुठेच राहत नव्हतो, असं म्हणणं अधिक बरोबर ठरेल.

पहिल्या वर्षी हप्ते जड जात होते. अण्णांना ते दिसत होतं. एकदा विहिरीवर पाणी भरताना ते म्हणाले, "नारायण, गावाने परत घेतले नाहीत ते पैसे तुझ्याजवळच आहेत ना? ते भरून टाक आणि मोकळा हो. मंडळाच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही."

"गावाच्या दृष्टीने?"

अण्णांनी बादली ओढून काठावर ठेवली. "त्या दृष्टीबद्दल मला काही माहिती नाही," ते म्हणाले, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

छापखान्यातला यंत्र चालवणारा माणूस फाळणीनंतर सिंधमधून आलेला होता. कुटुंबासह कल्याणच्या छावणीत राहायचा. यंत्राच्या आवाजात त्याला मोठ्याने बोलायची सवय लागली होती. त्याने एकदा विचारलं, "तेरा गाव कितना दूर?" मी सांगितलं. तो यंत्र थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "इतना नजदीक? फिर रोता क्यों है?" मी रडत नव्हतो. पण तोंडावर दिसत असावं. ज्याचं गाव आता दुसऱ्या देशात गेलं होतं त्याला माझी तक्रार समजावून सांगता येण्याजोगी नव्हती. मला गावात जायला बंदी नव्हती. आई दर वेळी जेवायला वाढायची. फक्त ती मला पाहुण्याच्या पाटावर बसवायची.

संपादकांनी मला बातमी लिहायला शिकवलं. काय घडलं, कुठे, कोणाच्या बाबतीत, एवढंच लिहायचं. कसं वाटलं ते वाचणाऱ्यावर सोडायचं. त्या सवयीने माझा जीव वाचला असं मला आज वाटतं. ठाण्याची नगरपालिका, कल्याणचा बाजार, डोंबिवलीचं पाणी, अशा बातम्या मी लिहीत गेलो आणि पगार वाढत गेला. मंडळाचं कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता दिला तेव्हा अण्णांनी पावती दिली आणि म्हणाले, "आता बाळकुमचा रस्ता मोकळा."

मला वाटलं ते माझ्याबद्दल बोलत आहेत.

*

ते आनंदीबद्दल बोलत होते. आनंदी आमच्या शेजारच्या घरातली मुलगी. मी गेलो तेव्हा ती परातीभोवती गाणाऱ्या बायकांत कडेला उभी राहून तोंड हलवत होती. ती मॅट्रिक झाली होती आणि तिला पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मंडळाने तिचा अर्ज मंजूर केला होता.

त्या जूनमध्ये मी आदल्या संध्याकाळी बाळकुमला गेलो. पेटीतल्या नोटा कोटाच्या आतल्या खिशात होत्या. सकाळी आनंदीच्या अंगणात पाट मांडला, परात ठेवली, लुगडं पसरलं. बायकांनी गाणं धरलं. मी ओटीवर टेकलो होतो. शहरातून आलेल्या माणसाने जसं टेकावं तसा.

बुधी काकीने येऊन मला दंडाला धरून उठवलं. "बारिष्टर, रांगेत उभा ऱ्हा. तू काय पावना हायस?"

मी रांगेत उभा राहिलो. पुढे जोमा काका होता आणि मागे बा. माझी पाळी आली तेव्हा मूठ मिटून मी हात लुगड्याखाली घातला. आत अंधार होता, गार पितळ होतं, नाणी होती. बोटांना मीठ लागलं. जाडं, आमच्याच वाफ्यांतलं. बांध पुन्हा उभा राहिला होता आणि मीठ पुन्हा पिकत होतं, तरी कोणाच्या तरी मुठीत त्या दिवशीही मीठच होतं. मी मूठ उघडली.

आकडा नेमका द्यावा, तो नसेल तर बातमी देऊ नये, असं मला शिकवलेलं आहे. हा आकडा मी देणार नाही. हात बाहेर काढून आनंदीच्या डोक्यावर ठेवला तेव्हा तिच्या केसांना थोडं मीठ लागलं. तिच्या आईने फडकं बांधून तिच्या हातात दिलं.

मग आम्ही सगळे बांधावर गेलो. उघाडीशी थांबलो. तिचा मामा पुढे झाला आणि ती त्याच्यामागे निघाली. बा तिला म्हणाला, "मागं बघू नको गं. पाय घसरतं."

तिने मागे पाहिलं नाही. मी मात्र यावेळी उघाडीच्या अलीकडे होतो. गाव काय करतं ते मला पहिल्यांदाच दिसलं. आनंदी बांधाच्या वळणापर्यंतही पोचली नव्हती, तोच माणसं फिरली. बुधी काकी नवऱ्याला चहाच्या पत्तीवरून बोलायला लागली. दोन बायका परात कोणाकडे ठेवायची यावर वाद घालत होत्या. बांधाला एका जागी पाझर लागला होता. बाने धोतर वर खोचलं, फावडं घेतलं आणि तो चिखलात उतरला.

वसतिगृहात, डोंबिवलीत, कल्याणच्या फलाटावर मी इतकी वर्षं माझ्या पाठीशी एक गाव उभं ठेवलं होतं. सगळी माणसं बांधावर, नजर माझ्याकडे.

"बा," मी विचारलं, "मी गेलो तेव्हाही असंच?"

"आमी तं तुज्यासंगं होतो," तो म्हणाला.

"बाकीचे?"

"बाकीचं काय करतील? भरती येत होती." आणि वर न पाहता त्याने दुसरं फावडं माझ्याकडे टाकलं.

संध्याकाळी डोंबिवलीला पोचलो तेव्हा माझ्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. चाळीतल्यांनी विचारलं, "गावाला जाऊन आलात?" मी हो म्हणालो. त्या रात्री मी पेटी रिकामी केली, कपडे फळीवर लावले आणि पेटी माळ्यावर टाकली. माझी सगळी पुढची वर्षं डोंबिवलीत गेली. कोणी विचारलं तर मी डोंबिवलीचा असंच सांगतो.

बाळकुमला आता इमारती आहेत. मिठागर नाही, उघाडी नाही, आणि परात कोणाच्या माळ्यावर पडली आहे हे मला माहीत नाही. तिथून दूर गेलेली, आता परदेशात असलेली मुलं कधी भेटली की म्हणतात, गाव आमची वाट बघतंय असं सारखं वाटतं. मी त्यांना काही सांगत नाही. मला घर आठवतं ते पाठमोरं. गुडघाभर चिखलात, कामाला लागलेलं, माझ्याकडे न पाहणारं. आणि त्याच्या शेजारी, कोणीतरी टाकलेलं एक जादा फावडं.